रुप्याचं बोंड

रुप्याच्या डबीची चौथी पाकळी अजून मिटत होती. अंगठ्याच्या नखानं जरासं रेटलं की आपल्या जागी जाऊन बसत होती, आणि बसताना तो आवाज – तांदळाचा दाणा ताटात पडावा एवढाच – अजून तसाच येत होता. बाकीच्या तिघी उघड्या. त्यांच्या मधल्या पोकळीत काल दुपारपर्यंत भागम्माचं इष्टलिंग होतं. आता तिथं काही नव्हतं... नाही, होतं. पहिल्या पाकळीच्या टोकाला जी बारीक जीभ होती, शेजारच्या पाकळीच्या खाचेत शिरून बसणारी, तिच्या मुळाशी कापसाचा एक तंतू अडकलेला होता. महानंदानं तो चिमट्यात धरला. ओढला मात्र नाही. ओढून टाकला तर कापसाचाही यात थोडा हात होता हे कुणाला कळणार नाही. आणि राहू दिला तर – तर मीच तो कुणाला तरी दाखवीन, हे बघा म्हणेन, कापूस शिरला म्हणून खाचेनं धरलं नाही... तिनं तंतू ओढला आणि विझलेल्या शेगडीत टाकला.

शेगडी कालपासून विझलेलीच होती. अण्णा – तिचे वडील, वीरभद्र अण्णा – उजाडताच काठी टेकत भागम्माच्या घरी गेले होते. निघताना तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला, तर त्यांनी तो हातानं चाचपून बाजूला सारला. "ती अंगावर पिणारं लेकरू घिऊन बिगरपाण्याची बसली, नंदा. मी कसा घोटू?" सत्तरीला टेकलेला म्हातारा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि कालपासून भेटेल त्याला एकच सांगत सुटलेला, की चौका माझ्या हातचा, दोष माझ्या हाताचा. माझ्या हाताचा! गेली चार वर्षं त्या हातानं कानससुद्धा उचलली नव्हती.

पिंगळीत आणि आसपासच्या खेड्यांत लिंगायताचं घर म्हटलं की त्या घरातल्या गळ्यांत वीरभद्र अण्णांचा चौका असायचाच – इष्टलिंग ठेवायची रुप्याची डबी, शिवदोऱ्यात ओवून छातीशी बाळगायची. मूल जन्मलं की स्वामी त्याला लिंग देतात. ते मग जन्मभर अंगावेगळं करायचं नाही, मातीत जातानाही तळहातावर घेऊन जायचं. आणि हरवलं तर... हरवलं तर ते सापडेपर्यंत, नाही तर स्वामींनी विधीनं दुसरं हातावर ठेवीपर्यंत, अन्न नाही, पाणी नाही. एवढ्यासाठी तर चौका. दागिना म्हणून नाही. अण्णा किती वेळा म्हणायचे, "चौका म्हंजी द्येवाचं दार, नंदा. दार दिसाय चांगलं असावं, पर आदी बंद व्हावं." आणि ती हं म्हणायची, आणि हातातल्या पत्र्यावर कुठून कसा उजेड पडतो ते बघत राहायची.

काल भागम्मा रानात कापूस वेचत होती. ऊन डोक्यावर आलं तेव्हा बाया बांधावर बसल्या. पाण्याचा मोगा तोंडाला लावण्याआधी तिनं गळ्याशी हात नेला – लिंगाला हात लावून मगच पाणी प्यायची तिची रीत – आणि बोटांना उघडी पाकळी लागली. मोगा तिनं तसाच खाली ठेवला म्हणे. ओरडली नाही, रडली नाही. उठली आणि आल्या वाटेनं वाकून बघत निघाली; रिकामा चौका तेवढा सांजेला अण्णांकडं आला. सकाळपासून ती कापसाच्या किती ओळींतून फिरली होती, किती झाडांशी वाकली होती, कुणाला ठाऊक! लिंग जांभळाएवढं, काळंभोर. रान काळं. आणि पौषातल्या त्या रानाला पडलेल्या भेगा अशा, की माणसाचा हात कोपरापर्यंत आत जावा.

महानंदाला उपास नवा नव्हता. सोमवार, प्रदोष, महिन्याची शिवरात्र – सासर सुटून माहेरी आल्यापासून, म्हणजे अकरा वर्षांत, तिनं एकही मोडला नव्हता. पहाटे न्हाऊन पूजा झाल्याशिवाय पाणी नाही, आणि जप झाल्याशिवाय हातोडीला हात नाही. उपासात एक सुख असतं हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुपार टळत आली की पोटात जी पोकळी होते तिच्यात कुणीतरी झाडून सारवून ठेवल्यासारखं वाटतं, आणि संध्याकाळच्या आरतीला डोळे आपोआप भरून येतात. आजही सोमवारच होता. कालपासून तिनंही पाणी घेतलं नव्हतं. पण या कोरड्या घशात ते सुख नव्हतं. हा उपास मुळी माझा नव्हताच... भागम्माच्या तहानेतला एक तुकडा मी चोरून आपल्या ताटात वाढून घेतला होता, आणि देवापुढं बसून त्याचंही पुण्य मिळेल का म्हणून बघत होते. सकाळी पूजेला बसल्यावर स्वतःचं लिंग तळहातावर घेतलं. बेल वाहवेना. शेजारच्या घरात आग लागलेली असताना आपल्या घरचं दार लावून घ्यावं, तसं तिनं ते झटकन चौक्यात ठेवलं. तिचा चौका अण्णांच्या हातचा, साधा, आरपार जाड खिळा असलेला. एकोणतीस वर्षांत कधी आपसूक उघडला नव्हता.

"नंदाबाई, हायेस का गं?"

शेजारची बायनाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती, गुडघ्यापर्यंत मातीनं काळी.

"रानातून आले बाई. निम्मं गाव वाकलंय तितं. माजी तर कंबरच गेली. जो त्यो ढेकळं फोडून बगायलाय."

"घावलं का?" महानंदाचा आवाज मुळातच हळू, आज तो तिचा तिलाच ऐकू आला नाही. पण बायनाबाईला तोंडाकडं बघून कळलं.

"कुटलं! त्या धुरपतीला येक काळं, गोल घावलं. घावलं घावलं म्हून समदे पळाले. बगतेत तर शेळीची लेंडी!" बायनाबाई हसली, आणि मग पदर तोंडाला लावला. "हसू न्हाई बाई, पर हसू येतंय. आमचा म्हसोबा बरा. येकदा शेंदूर फासून वट्यावर बसवला की हालायचं काम न्हाई. तुमचा द्येव गळ्यात घिऊन हिंडायचा, मंग हरवणारच की."

"बायनाक्का..."

"बरं बरं, न्हाई बोलत. पर खरं सांगू का? अण्णांच्या हातचा चौका आजवर कुणाचा उगडल्याला आयकला न्हाई. डोळे गेले म्हाताऱ्याचे, दुसरं काय. लोक तेच म्हनायलेत. दिसत न्हाई तर कशापाई द्येवाच्या कामाला हात लावावा?"

"अण्णांनी न्हाई –"

"काय म्हनलीस?"

"काई न्हाई."

बायनाबाई गेली. तिच्या पायांची काळी माती उंबऱ्यावर राहिली. महानंदा त्या मातीकडं बघत बसली, आणि एकदम खाली वाकून तिनं ती बोटांनी चाळली. ढेकूळ फोडलं. त्यात काही नव्हतं, असणारही नव्हतं. आपण काय करतो आहोत हे कळल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली.

अण्णांच्या हाताला लोक नाव ठेवत होते. पन्नास वर्षांचा हात! तिला भाता ओढायला बसवलं तो हात, पुढं नजर धुरकटली तेव्हा तिच्या बोटांत चिमटा देऊन वरून धरणारा तो हात. जातीतल्या एक-दोघांनी तेव्हा कुरकुर केली होती की बाईमाणसानं चौका घडवावा का. अण्णा म्हणाले होते, "लिंगाला शिवाशिव न्हाई, मंग घडवणाऱ्या हाताला कुटली?" पण बोलले ते तेवढंच, बाहेर नाव त्यांचंच राहिलं, आणि तिलाही ते बरं वाटायचं. नावामागं लपून तिला हवं ते करता यायचं. करडईच्या काटेरी बोंडासारखी कर्णफुलं तिनं केली. जोडव्याच्या कडेनं मुंगळ्यांची रांग काढली, एकाच्या तोंडात साखरेचा कण. अण्णा वस्तू हातात घेऊन बोटांनी वाचायचे आणि विचारायचे, "ह्ये कुटं बगितलंस?" "रानात." "रान काय सोनार हाय?" म्हणायचे, पण वस्तू लवकर खाली ठेवायचे नाहीत.

आणि बोंड... बोंड तिनं बघितलं नव्हतंच. ते दाखवलं भागम्मानं.

गेल्या वर्षी हेच दिवस. भागम्मा नवी बाळंतीण व्हायची होती, सात महिने भरलेले, आणि तिचा माहेरचा चौका झिजून कागदासारखा झाला म्हणून तो दाखवायला आली होती. सासूनं निजामाच्या वेळचे चारमिनार छापाचे पाच जुने रुपये रुप्यासाठी बांधून दिले होते. नवे पैसे आल्यापासून ते बाजारात कुणी हाती धरत नव्हतं. ते गाठोडं सोडता सोडता भागम्मानं ओच्यातून एक उकललेलं कापसाचं बोंड काढलं आणि महानंदाच्या तळहातावर ठेवलं. "बगा अक्का, कसं मांडून ठिवलंय." नुसतं एवढंच. चार पाकळ्या, चार पांढऱ्या फाका, आणि मध्ये जिथं त्या एकमेकींना टेकतात तिथं बोटाच्या पेराएवढी जागा, कुणीतरी येऊन बसावं म्हणून राखलेली. महानंदाच्या अंगावर काटा आला होता. गाभारा असाच असतो! तिनं वर बघितलं, तर भागम्माही तिच्याकडं तशीच बघत होती, काही न बोलता, आणि दोघींना एकदम हसू आलं, पोरींना येतं तसं.

तसा चौका घडवायला पाच महिने लागले. मिटलेलं बोंड, वरून साधं, देठाशी तीन करवती पानं. पूजेच्या वेळी चार पाकळ्या खाली लवायच्या आणि लिंग तळहातावर घ्यायच्या आधी क्षणभर मधोमध बसलेलं दिसायचं. अण्णांनी चाचपलं. पुन्हा पुन्हा चाचपलं. "खिळा कुटं हाय?" खिळा नव्हता. आरपार खिळा घातला असता तर ते बोंड राहिलं नसतं, सुई खुपसलेलं काहीतरी झालं असतं. तिनं जिभा आणि खाचा केल्या होत्या, एकीत एक. "खिळा घाल," अण्णा म्हणाले. ती गप्प राहिली. तिची गप्प राहायची रीत अण्णांना ठाऊक होती. "बरं, सुपारी घालून वागव मंग. पाच दिस."

ती घरची रीतच होती. नवा चौका कुणाला द्यायच्या आधी घडवणाऱ्यानं त्यात लिंगाएवढी सुपारी घालून पाच दिवस, पाच रात्री गळ्यात बाळगायचा. न्हाताना, निजताना, पाणी शेंदताना, दळताना. सुपारी एकदा जरी बाहेर आली तरी चौका मोडून पुन्हा मूस. अण्णांनी पन्नास वर्षांत एकही चौका त्यावाचून उंबऱ्याबाहेर जाऊ दिला नव्हता.

मी अडीच दिवस वागवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी तो काढला. सुपारी पडली म्हणून नाही, तिच्या जागी ती घट्ट होती. काढला तो... पदराखाली असला की दिसत नव्हता म्हणून. अडीच दिवस मी तो बोटांनीच बघत होते, झोपेत हात जायचा, आणि वाटायचं, एकदा उजेडात बघू. खिडकीच्या गजाला शिवदोरा बांधला. दुपारचं ऊन त्याच्यावर आलं. पाकळ्या उघडल्या, मिटल्या. म्हटलं, संध्याकाळी पुन्हा घालू. संध्याकाळी दिव्याच्या उजेडात तो आणखी वेगळा दिसला. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आज नको. आणि पाचव्या दिवशी अण्णांनी शेगडीशी बसल्या बसल्या विचारलं, "वागवला का गं?" मी म्हटलं, "हो."

एवढाच शब्द. मी सोमवार करणारी, प्रदोष करणारी. आणि अण्णांना दिसत नव्हतं.

तिनं उघडा चौका पदरात बांधला, कडी लावली आणि ती निघाली. आता जायचं आणि सांगायचं. सगळ्यांसमोर, अण्णांसमोर. हे काही कठीण नव्हतं; उलट सकाळपासून पहिल्यांदाच छाती मोकळी झाल्यासारखी वाटली. माझी चूक, माझा गर्व, माझं खोटं... वाटेनं ती शब्द लावत गेली, बेलाची पानं उलटी सुलटी बघून लावावीत तशी. आगगाडीच्या रुळांपलीकडं भागम्माचं रान दिसत होतं. पांढऱ्या रानात वाकलेल्या पाठी, निळ्या, तांबड्या, मळक्या, आणि कुणाचाच आवाज नाही. कापूस वेचतानाही बाया इतक्या गप्प नसतात. दुपारची पॅसेंजर नुकतीच गेली होती. म्हणजे चुडाव्याहून स्वामी आले असणार. भागम्माचा नवरा बसवराज त्यांना उतरवून घ्यायला ठेसनावर गेला होता. बरं झालं. स्वामी आहेत, दुसरं लिंग देतील, मी माझं बोलेन, ती पाणी पिईल.

पण ओट्यावर सगळे नुसते बसले होते. स्वामी घोंगडीवर, पुढ्यात विभूती, बेल, पाण्याचा तांब्या, सगळी तयारी मांडलेली. अण्णा खांबाला टेकून, ओठ सुकून चिरलेले. भागम्माची सासू उंबऱ्यात फतकल मारून बसली होती, तोंड आतल्या बाजूला करून बोलत होती, ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं.

"स्वामी सोता आल्यात दारी! गाडीत बसून आल्यात! आन् ही म्हनती न्हाई घेत. अगं, धा म्हयन्याचं लेकरू, दूध कुटून उतरंल? आमच्या सासूबाईचं रझाकाराच्या साली पळताना लिंग पडलं, तर तिसऱ्या दिशी बारशीत जाऊन घेतलं की दुसरं. तिच्यापरीस तू मोठी झालीस का?"

"आई, गप बस की," बसवराज म्हणाला. त्याच्या हातांना कोपरापर्यंत माती होती.

"तू गप! तुजं आयकती का ती?"

स्वामी हळूच म्हणाले, "बाई, जबरदस्तीचं काम न्हाई हे. आदी तिनं कसं गेलं, का गेलं, तेवढं शिवासमोर बोलावं लागतं. मग मी देतो. पर ती बोलंनाच. नुस्तं म्हणते, रान बगून होऊ द्या."

"कसं गेलं म्हंजी? माझ्यामुळं गेलं," अण्णा म्हणाले. त्यांनी मान वळवली; पावलांवरून त्यांना लेक आल्याचं कळलं होतं. "नंदा? तू कशापाई आलीस? सांग स्वामींना. सुपारीचे पाच दिस पुरे व्हते का न्हाई? रीत आपण मोडली न्हाई. तरी उगडला, म्हंजी घडणीतच खोट, आन् घडण माझी."

सगळ्यांची तोंडं तिच्याकडं वळली. हीच ती वेळ होती. वाटेनं लावत आणलेले शब्द तोंडाशी होते. पण आधी भागम्मा... तिला आधी सांगायला हवं, ज्याची तहान त्याला आधी. हे खरं कारण होतं की पळवाट, हे तिला तेव्हा कळलं नाही. ती म्हणाली, "मी तिला बघून येते," आणि सासूला ओलांडून आत गेली.

मधल्या घरात भागम्मा भिंतीला टेकून बसली होती. लेकरू मांडीवर, चोखायचं, सोडायचं, कुरकुरायचं, पुन्हा चोखायचं. भागम्माच्या ओठांच्या कडांना पांढरं धरलं होतं. डोळे मात्र लख्ख जागे.

"बसा अक्का."

महानंदा बसली. तिनं भागम्माचा पाय हातात घेतला. काय करावं ते सुचेना म्हणून घेतला.

"भागम्मा, सुपारी घालून पाच दिवस वागवायची रीत आमची. मी वागवला न्हाई. अडीच दिवसांत काढला. अण्णांना खोटं बोलले. खिळा घाल म्हणले होते अण्णा, मीच घातला न्हाई. अण्णांचा काई दोष न्हाई. तुझं लिंग माझ्यामुळं गेलं."

झालं. आता ती हात झिडकारील. लेकराला उचलून तोंड फिरवील. महानंदानं मान खाली घातली, आणि ते येण्याची वाट बघू लागली, जवळजवळ तहानेनं.

"कशापाई काढला?" भागम्मा म्हणाली.

"आं?"

"अडीच दिसांनी. कशापाई?"

"...बघायला. अंगावर असला की दिसत नव्हता. खिडकीला बांधला, आणि बघत बसले."

भागम्मानं तिच्याकडं बघितलं. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ती हसत होती. कोरडा ओठ मध्ये तडकला आणि तिथं रक्ताचा एक बारीक ठिपका आला, तो तिनं जिभेनं टिपला नाही, पाणी असल्यासारखा हातानं पुसून टाकला.

"मी बी," ती म्हणाली.

"काय?"

"मी बी बगत बसायचे. रानात, बाया म्होरं गेल्या की बांधाआड बसायचे आन् उगडायचे, मिटायचे. पूजेला न्हाई, उगंच. त्यो आवाज आयकाय. रोज. लेकराला पाजताना बी." बोलताना तिला मध्येच थांबावं लागत होतं. "ढिला झाल्याला मला ठावं व्हतं, अक्का. दोनदा उगडला. येकदा पाणी शेंदताना, येकदा निजताना. दोन्ही टायमाला लिंग हातात घावलं."

"आणि मला सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुमी परत घेतला असता. अण्णांनी खिळा ठोकून दिला असता. मला त्यो तसाच पायजे व्हता." लेकरू रडायला लागलं, तिनं त्याला दुसऱ्या अंगाला घेतलं. "आता स्वामी म्हनत्यात कसं गेलं ते बोल. काय बोलू? डागिन्याच्या नादात द्येव घालवला म्हून बोलू? ही सासू जलमभर ठिवील का मला?"

"मी बोलते," महानंदा म्हणाली. "आत्ता. माझी चूक म्हणून सांगते, तुझं नाव येत न्हाई. तू लिंग घे, पाणी घे."

"न्हाई!" भागम्मानं तिचं मनगट धरलं. त्या हातात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. "तुमी बोललात तर अण्णांचं नाव जाईल आन् तुमच्या हातात पुना कुणी चिमटा दिऊ देनार न्हाई. बाईमाणसानं केलं म्हून झालं, असंच म्हनतील. मंग परत असलं कोन करील?" आणि धाप लागून ती मागं टेकली. "रान मोटं न्हाई. घावंल. अजून दिस हाय."

महानंदा उठली. दारापर्यंत आली. आत येताना सगळं कसं सोपं होतं... चूक माझी, ती वस्तू वाईट, ती घडवणारा हात वाईट. हात पुढं करून उभं राहायचं, मारा म्हणायचं. पण आता छातीत काहीतरी वर येत होतं, आणि ते काय आहे ते ओळखायला तिला चार-दोन श्वास लागले. आनंद होता तो. बांधाआड बसून कुणीतरी रोज, कुणी बघत नसताना, तहान विसरून... मागं लेकरू कोरडं चोखत होतं, पुढं म्हातारा बाप निर्जळी बसला होता, रानात अर्धं गाव वाकलं होतं, आणि मला आनंद होत होता! तिनं तो खाली दाबला. तो पुन्हा वर आला. देवा, एवढं काढून घे, असं तिनं मनात म्हटलं. म्हणताना तिच्या ध्यानात आलं की आजवरच्या सगळ्या उपासांत आपण जे मागितलं ते मनापासून मागितलं होतं, आणि हे मात्र तसं मागत नाही.

"पाणी घेतलं का गं तिनं?" अण्णांनी विचारलं. ते तिच्या दिशेनं, पण जरा बाजूला, भिंतीकडं बघत होते.

"न्हाई अजून."

"काय म्हणाली मग?" स्वामींनी विभूतीचा गोळा हातात घेतला. "तिच्या मनात काय हाय ते तुला बोलली असंल तर तू बोल. तुझं बोलणं बी शिव आयकतो. बोल बाई."

ती अण्णांच्या शेजारी ओट्यावर टेकली. तोंड उघडलं. एक शब्द बोलायचा होता, चूक. भागम्मा कितीही नको म्हणाली तरी तो बोलायलाच हवा होता. तो बोलला की तांब्या आत जाणार होता. पण चूक म्हणायचं तर पुन्हा तसं करणार नाही एवढं तरी मनात असायला हवं, आणि ती कोपऱ्या-कोपऱ्यांतून मन धुंडाळत होती, तर ते तिथं कुठंच नव्हतं. समोर तांब्यातल्या पाण्यावर ऊन हलत होतं. सगळे वाट बघत होते. अण्णांनी हात लांबवून तिचा हात चाचपला, धरला, आणि त्यांना वाटलं असावं की लेक भीतीनं थरथरते आहे.